धूर कळतो, माणूस उठत नाही

२०११ साली रसायनशास्त्राचं ‘इग नोबेल’ पारितोषिक सात जपानी संशोधकांना मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचारात पाडणाऱ्या संशोधनाला हा मान देतात. या सातजणांनी काढलेलं गणित असं होतं: आग लागली, तर झोपलेल्या माणसाला उठवायला खोलीच्या हवेत वासाबी किती दाट फवारावा? वासाबी म्हणजे सुशीबरोबर वाढतात ती हिरवी झणझणीत चटणी. चाचणीला कर्णबधिर माणसंही झोपली होती. एक सोडून सगळे दोन मिनिटांच्या आत जागे झाले. जो उठला नाही, त्याचं नाक चोंदलेलं होतं.

हसून झालं असेल तर आता मोहरीकडे वळू. वासाबीचा झणका ज्या रसायनाचा, ते अ‍ॅलिल आयसोथायोसायनेट आपल्या मोहरीतूनही निघतं. अख्खी मोहरी मुठीत धरून कितीही हुंगा, काही होत नाही. तीच वाटून पाण्यात फेसली की दाण्यात वेगवेगळे बसलेले दोन घटक एकत्र येतात आणि हे रसायन तयार होतं. लोणच्यासाठी मोहरी फेसताना भांड्यावर वाकलेल्या प्रत्येकाला तो झणका डोक्यात गेल्याचं आठवत असेल. गंमत अशी, की तो वास नसतो. तो नाकातल्या वेदनेच्या चेतातंतूंना बसलेला चटका असतो, आणि झोपलेला मेंदू वेदनेची दखल घेतो.

वासाची मात्र घेत नाही. अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४ मध्ये झोपलेल्या लोकांना पुदिन्याचा सुवास दिला आणि पिरिडिनची दुर्गंधीही देऊन पाहिली. गाढ झोपेत गेल्यावर दोन्हींनी कुणाला जाग आली नाही. आवाजाने मात्र आली. ‘जळल्याचा वास आला की उठूच आपण’ ही खात्री आपण सगळेच बाळगून असतो. ती सोडून द्यावी हे बरं. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला तर वासही नसतो आणि तो झोप उलट गडद करतो.

म्हणून छतावर धुराचा अलार्म लावायचा. धूर ओळखणं हा यातला सोपा भाग. अलार्मच्या डबीत एका कोपऱ्यात बारीक दिवा असतो आणि त्याच्या झोतापासून आडोशाला प्रकाश टिपणारा डोळा. एरवी त्या डोळ्यापुढे अंधार असतो. धुराचे कण आत शिरले की त्यांच्यावरून प्रकाश विखुरतो, थोडा त्या डोळ्यात जातो, आणि भोंगा वाजतो. (परदेशातली मराठी घरं या डबीला चांगली ओळखून आहेत. फोडणी दिली की ती बोंबलते, मग कुणीतरी पिशवी बांधून तिचं तोंड बंद करतं आणि ती सोडायची राहून जाते. स्वयंपाकघरात धुराऐवजी उष्णता ओळखणारा अलार्म लावतात तो याचसाठी.)

अवघड आहे ते पुढचं: छतावरून झोपलेल्या माणसाच्या मेंदूपर्यंत पोचणं.

डबीतला भोंगा म्हणजे पिझो स्फटिकाची पातळ चकती. तिला अगदी थोडी वीज पुरते, किंमत नगण्य, आणि ३१०० हर्ट्‌झच्या आसपास ती जीव तोडून किंचाळते. हार्मोनियमच्या शेवटच्या पट्टीच्याही खूप वरचा हा सूर. निवड वेडगळ नव्हती: धडधाकट कान याच पट्ट्यात सर्वांत तल्लख असतो. पण वय वाढतं तशी ऐकण्याची शक्ती वरच्या सुरांपासून खाली उतरत जाते. सत्तरीतल्या आजोबांना गप्पा बऱ्यापैकी कळतात, पण घड्याळाची पिकपिक ऐकू येत नाही, ते यामुळे. शिवाय श्रवणयंत्र रात्री काढून ठेवलेलं असतं. म्हणजे ज्या चकतीमुळे अलार्म स्वस्त झाला, तीच चकती म्हाताऱ्या कानांच्या नेमकी आवाक्याबाहेर गेली.

मेलबर्नच्या व्हिक्टोरिया विद्यापीठात डोरोथी ब्रुक आणि इयान थॉमस यांनी याचा छडा लावला. २००७ च्या त्यांच्या अभ्यासात ऐकू कमी येणारे ३८ प्रौढ होते. त्यांना झोपू द्यायचं आणि गाढ झोप लागली की एकेक संकेत द्यायचा. नेहमीच्या किंचाळीने, ती ७५ डेसिबलपर्यंत चढवल्यावर, ५६ टक्के उठले. तेवढ्याच मोठ्या आवाजातल्या ५२० हर्ट्‌झच्या खालच्या सुराने ९२ टक्के उठले. गादीखाली आणि उशीखाली ठेवलेल्या थरथरत्या चकत्यांनी ८० ते ८३ टक्के. आणि ऐकू न येणाऱ्यांसाठी वर्षानुवर्षं ज्याची शिफारस होत आली त्या लखलखत्या दिव्याने? मानकात मागितलं होतं त्याहून प्रखर दिवा लावूनही फक्त २७ टक्के. मिटलेल्या पापण्या, भिंतीकडे वळलेलं तोंड आणि अंगावर ओढलेली चादर यांच्यापुढे दिवा हरतो. जाग्या माणसाला तो उपयोगी, झोपलेल्यावर त्याची भिस्त ठेवू नये.

हा ५२० हर्ट्‌झचा सूर आहे तरी काय? हार्मोनियमवर पांढरी एकच्या जवळ जाणारा. पण तो बासरीसारखा गोल, शुद्ध सूर नसतो. चौकोनी लहरीचा खरखरीत भोंगा असतो, आणि त्यात मूळ सुराच्या तिप्पट, पाचपट, सातपट कंपनांचे सूर दडलेले असतात. म्हणजे १५६०, २६००, ३६४०. कानाचा एखादा पट्टा निकामी असला तरी दुसरा काहीतरी पकडतो. फायदा फक्त वृद्धांचा नाही. लहान मुलंसुद्धा किंचाळणाऱ्या अलार्मखाली ढाराढूर झोपून राहतात आणि खालच्या सुराने सहज उठतात, हेही ब्रुक यांच्याच प्रयोगांत दिसलं. अमेरिकेच्या अग्निसुरक्षा संहितेने मग इमारतींच्या अलार्म यंत्रणेतून झोपण्याच्या खोल्यांत वाजणाऱ्या भोंग्यांना २०१४ पासून हा खालचा सूर लागू केला.

मग घरोघरी तोच का नाही? आडवा येतो तो पैसा. खालचा सूर मोठ्याने काढायला मोठा स्पीकर आणि जास्त वीज लागते. नऊ व्होल्टची बॅटरी किती दिवस पुरणार? पिझो चकतीचा अलार्म आणि खालच्या सुराचा अलार्म यांच्या किमतीत म्हणूनच मोठी तफावत राहिली. वासाबी फवारणारं जपानी अलार्म यंत्र तर सुमारे पन्नास हजार येनला होतं.

इथे एक सुरेख पळवाट सापडते. धुराचा अलार्म ठरलेल्या ठेक्यात वाजतो: अर्ध्या-अर्ध्या सेकंदाचे तीन बीप, मग दीड सेकंद शांतता, पुन्हा तीन. हा ठेका आंतरराष्ट्रीय मानकाने आगीसाठी ठरवून दिलेला आहे. म्हणजे जे कानाला ऐकू येत नाही ते यंत्राने ऐकलं तरी चालेल. छतावर साधा स्वस्त अलार्मच ठेवायचा. उशाशी ठेवलेली पेटी हा ठेका ओळखते, स्वतःच्या स्पीकरवरून खालचा सूर लावते आणि गादीखालची चकती थरथरवते. ती चकती तरी काय? मोबाइल थरथरतो त्याच युक्तीची मोठी आवृत्ती. मोटरच्या दांड्यावर एका बाजूला कललेलं वजन, ते फिरलं की सगळं हादरतं. ज्यांना अजिबात ऐकू येत नाही त्यांच्यासाठी ही चकतीच खरी. फक्त जाड फोमच्या गादीखाली ती गुदमरते. तिला उशीखाली ठेवून पाहावं.

अलार्मचा आवाज ओळखणारा कान २०२० पासून आयफोनमध्ये आणि अँड्रॉइडमध्ये फुकट आहे. सेटिंगमध्ये ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’खाली आवाज ओळखण्याची सोय सुरू केली की अलार्म वाजताच फोन थरथरतो. पण जिवावरच्या प्रसंगी यावर विसंबू नका, असं अ‍ॅपल स्वतःच बजावतं, आणि ते बरोबर आहे. फोनची थरथर दुबळी, चार्जिंग संपलेलं असू शकतं, फोन दुसऱ्या खोलीत राहिलेला असू शकतो. काहीच नसण्यापेक्षा बरं, इतकंच.

ब्रिटनमध्ये अग्निशमन दलाची माणसं घरी येऊन कर्णबधिरांना दिवा आणि थरथरती चकती असलेले अलार्म बसवून देतात, बहुधा विनामूल्य. अमेरिकेत रेड क्रॉस असंच काम करते. आपल्याकडे गोष्ट एक पायरी आधीच अडते: साध्या घरात मुळात धुराचा अलार्मच नसतो, आणि तो नसेल तर फोनला ऐकायला काही उरत नाही. तेव्हा सुरुवात त्या छतावरच्या डबीपासून करा. आणि मुलगा-सून परदेशात असतील, आई-बाबा तिकडे राहायला जाणार असतील, तर एक चाचणी आवर्जून घ्यायला सांगा. आई-बाबांना आधी कल्पना द्यायची, एखाद्या रात्री श्रवणयंत्र काढून ते गाढ झोपले की त्यांच्या खोलीचं दार लावायचं आणि अलार्मचं ‘टेस्ट’ बटण दाबायचं. ते उठले नाहीत, तर दुसऱ्याच दिवशी गादीखालची चकती मागवा.