पडद्यावरचा भाव आणि गेलेला क्षण

सौत्रांतिक बौद्धांचं म्हणणं असं, की वस्तूचं ज्ञान होईपर्यंत त्या वस्तूचा क्षण सरलेला असतो. हे शिकवताना वर्गात मुलं हसायची. त्यांतलाच एक आज मेटाट्रेडर ५ वर चालणारे प्रोग्राम लिहितो. परवा घरी आला, म्हणाला, "सर, बाजार तापला की माझं पॅनेल अडकतं. बटण दाबलेलं उशिरा कळतं."

म्हणजे समोर दिसतो तो मघाचा भाव, आणि पैसे लागतात आत्ताचे!

हे का होतं बघा. इथं प्रत्येक एक्स्पर्ट प्रोग्रामला एकच थ्रेड मिळतो. नवा भाव आला, बटण दाबलं, टायमर झाला, की या घटना एकाच रांगेत उभ्या राहतात. एकीचं काम आटोपल्याशिवाय दुसरीचा नंबर लागत नाही. आणि एका भावावर काम चालू असताना आणखी भाव आले, तर त्यांची घटना रांगेत घेतलीच जात नाही. ही चौकट आपल्याला बदलता येत नाही. आपल्या हातात एवढंच, की आपलं काम लवकर आटोपायचं.

त्याचा प्रोग्राम प्रत्येक भावाला सगळी लेबलं पुसून नव्यानं तयार करत होता. मग आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. लेबलं सुरुवातीला एकदाच तयार करायची, पुढे जो आकडा बदलला तेवढाच बदलायचा. सगळे बदल झाल्यावर चार्ट शेवटी एकदाच रंगवायचा. आणि पॅनेल प्रत्येक भावाला नव्हे, तर टायमरवर, सेकंदाला चार-पाच वेळा ताजं करायचं. आकडे त्याहून भराभर बदलले, तर डोळ्याला वाचता येतात कुठे?

त्यानं विचारलं, "पण मधले भाव गाळले, तर ती फसवणूक नाही का?" प्रश्न खरा आहे. माझं उत्तर असं: पडद्यावरचा आकडा थोडा जुना असणं अटळ आहे, जुना आकडा ताजा म्हणून दाखवणं अटळ नाही. म्हणून भावाशेजारी त्याची वेळ लिहा. आणि ऑर्डर पाठवताना पॅनेलवरचा आकडा उचलू नका, त्या क्षणी प्रणालीला नवा भाव विचारा.

वेग हवाच. पण आपण कोणत्या क्षणाचं पाहतोय, हे माणसाला कळलं पाहिजे.