जुनी ट्रेडमिल बंद पडली? 'बोर्ड गेला' म्हणण्याआधी एवढं बघा

जिम बंद झाली, किंवा घरात नुसती कपडे वाळत घालायला उरली, की ट्रेडमिल सेकंडहँडमध्ये येते. स्वस्तात मिळते, चार दिवस चालते आणि थांबते. मेकॅनिक झाकण काढतो आणि सांगतो, 'बोर्ड गेला.' कधी तो खरंच गेलेला असतो. पण तो कशामुळे गेला हे न बघता नवा घातला, तर तोही त्याच वाटेनं जातो.

घरगुती मशीनमध्ये बहुधा डीसी मोटर असते. २३० व्होल्टची लाईट बोर्डवर डीसी होते आणि मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर साठते. मग मॉसफेट किंवा आयजीबीटी नावाचा स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होऊन मोटरचा वेग ठरवतो. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये करंट राहतो, त्यामुळे झाकण उघडून लगेच हात घालू नका. दहा मिनिटं थांबा आणि मल्टिमीटरनं डीसी व्होल्टेज शून्याजवळ आल्याची खात्री करा. मल्टिमीटर वापरता येत नसेल तर आतलं काम जाणकारालाच करू द्या.

सुरुवात बेल्टपासून करा, कारण बोर्ड मारणारा खरा गुन्हेगार बहुतेक वेळा तोच. प्लग काढून बेल्ट हातानं ओढा. जड सरकत असेल, खालची फळी कोरडी लागत असेल, तर मोटर जास्त करंट ओढते आणि बोर्डवरचा स्विच तापून जळतो. इथं फक्त सिलिकॉन तेल चालतं. खोबरेल, इंजिन ऑइल किंवा गंज काढायचा स्प्रे मारून बेल्टची वाट लावलेली मशीनं काही कमी नाहीत. बेल्ट पार झिजला असेल तर तेल घालूनही उपयोग नाही, बदलावाच लागतो.

मशीन सुरू होऊन पाच-दहा सेकंदांत थांबत असेल तर बोर्डआधी स्पीड सेन्सर बघा. पुलीवर छोटं लोहचुंबक असतं आणि त्यासमोर सेन्सर. चुंबक पडलं, सेन्सर सरकला किंवा त्यावर धूळ बसली, की मोटर फिरतेय हे बोर्डला कळत नाही आणि तो मशीन बंद करतो. डिस्प्लेवरचा एरर कोड कंपनीगणिक वेगळा असतो, नुसत्या कोडवर भरवसा ठेवू नका.

अजिबात हलतच नसेल तर आधी सेफ्टी की नीट बसलीय का आणि फ्यूज शाबूत आहे का ते बघा. नंतर मोटरच्या दोन वायरी बोर्डवरून काढून १२ व्होल्टच्या बॅटरीला लावा. मोटर हळूहळू फिरली तर ती ठीक आहे. नाही फिरली तर कार्बन ब्रश झिजलेत का बघा. ब्रश बोर्डच्या मानानं किरकोळ किमतीत येतात.

मोटर, बेल्ट, सेन्सर सगळं ठीक असेल तर मग बोर्ड. आपल्याकडं पावसाळ्यात ओल येते, मुंग्या किंवा पाल आत शिरते. काळा डाग, फुगलेला कपॅसिटर डोळ्यांनाच दिसतो. स्विच शॉर्ट झाला की स्टार्ट दाबताच मशीन फुल स्पीडनं पळतं. हा सगळ्यांत धोक्याचा बिघाड. म्हणून जुनी ट्रेडमिल पहिल्यांदा सुरू करताना बेल्टवर उभं राहायचंच नाही, बाजूच्या पट्ट्यांवर पाय ठेवायचे आणि सेफ्टी कीची दोरी कपड्याला अडकवायची.

दुरुस्त केलेला बोर्ड थेट लाईटवर लावू नका. १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावा. एलईडी चालत नाही. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, सतत फुल पेटला तर अजून कुठंतरी शॉर्ट आहे. नवीन बोर्ड घ्यायला जाताना जुना बोर्ड, वायरींचा फोटो आणि मोटरवरच्या पाटीचा फोटो सोबत न्या. पाटीवरचे व्होल्ट आणि हॉर्सपॉवर जुळल्याशिवाय पैसे देऊ नका.