असुरांशी बोलणी

राक्षस दिसताच त्याच्यावर शस्त्र उगारावे, हा वीरकथांचा जगभरचा दंडक आहे. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर खेळल्या जाणाऱ्या व्हिडिओ गेमनीही तो दीर्घकाळ निमूटपणे पाळला. शत्रू समोर यावा, त्याचा निःपात व्हावा, आणि नायकाच्या पदरी थोडे धन व थोडे सामर्थ्य पडावे. जपानमधील अ‍ॅटलस या कंपनीने 30 ऑक्टोबर 1992 रोजी प्रसिद्ध केलेल्या ‘शिन मेगामी तेन्सेई’ या खेळाने मात्र नायकाच्या हाती तलवारीबरोबरच वाणीही दिली. वेताळाच्या प्रश्नांना उत्तरे देत स्मशानवाट तुडवणारा विक्रम ज्यांच्या परिचयाचा आहे, त्यांना ही कल्पना सर्वस्वी परकी वाटू नये.

‘मेगामी तेन्सेई’ म्हणजे देवीचा पुनर्जन्म. हे नाव मूळचे आया निशितानी यांच्या कादंबरीचे. संगणकाच्या साहाय्याने असुरांना पाचारण करणाऱ्या एका शाळकरी मुलाची ती कथा होती, व तिच्यावरून 1987 मध्ये पहिला खेळ निघाला. 1992 च्या खेळाने कथा नवी रचली आणि नावापुढे ‘शिन’, म्हणजे ‘खरा’, हा शब्द जोडला. त्याचे स्थळ एखादे काल्पनिक राज्य नसून साक्षात टोकियो आहे. किचिजोजी या उपनगरात आईसमवेत राहणाऱ्या एका तरुणाच्या संगणकावर एके दिवशी एक संदेश येतो. पाठवणाऱ्याचे नाव स्टीव्हन. सोबत असुरांना बोलावण्याची संगणकीय आज्ञावली असते. पुढे हाच संगणक दंडावर बांधून तो तरुण शहरात हिंडू लागतो.

वाटेत असुर आडवा आला की लढावे, पळावे किंवा बोलावे, असे तीन मार्ग असतात. बोलण्यातच या खेळाची सारी गंमत आहे. कोणी पैसे मागतो, कोणी एखादी वस्तू; कोणी प्रश्न विचारून समोरच्याची वृत्ती जोखतो, तर कोणी मागितलेले सर्व घेऊन खुशाल निघून जातो. नायकापेक्षा वरच्या पायरीचा असुर त्याची चाकरी पत्करत नाही. चंद्राच्या कलांचाही या व्यवहारावर परिणाम होतो आणि पौर्णिमेच्या रात्री तर बहुतेक असुर भानावरच नसतात. तेव्हा शब्द वाया जातात. घासाघीस ज्याला साधते त्याला या खेळात निम्मे यश मिळाले, असे म्हणण्यास हरकत नाही.

मैत्री जमली तरी ती फुकट पोसता येत नाही. सोबत चालणारे असुर पावलागणिक मॅग्नेटाइट नावाचे द्रव्य खर्ची घालतात. ते संपले की त्यांचा प्राणच झिजू लागतो. शिवाय माणूस अनुभवाने वाढतो, असुर वाढत नाही. काल ज्याने प्राण वाचवले तो साथीदार आज अपुरा पडतो. यावर उपाय एकच. दोन किंवा तीन असुरांना एका विशिष्ट वास्तूत नेऊन त्यांचा संयोग घडवावा आणि त्यांतून नवा, अधिक बलाढ्य असुर निर्माण करावा. जुने अर्थातच नाहीसे होतात. नायकाच्या पाळीव कुत्र्याचे नाव पास्कल. या प्रामाणिक जनावराचाही एखाद्या असुराशी संयोग करता येतो, आणि मग ग्रीक पुराणातील पाताळद्वाराचा रक्षक सर्बेरस उभा राहतो. खेळणाऱ्याला एक विलक्षण योद्धा लाभतो खरा. पण घरचा कुत्रा मात्र उरत नाही. ही टोचणी खेळात कोणी बोलून दाखवत नाही, आणि ते योग्यच झाले.

येथे ‘असुर’ हा शब्द सैल अर्थाने घ्यावा लागतो. जपानी शब्द आहे ‘आकुमा’. त्यातील ‘मा’ हे अक्षर बुद्धाच्या तपश्चर्येत विघ्न आणणाऱ्या ‘मार’ या संस्कृत नावावरून चीनमार्गे जपानात पोचले. परंतु खेळात देव, देवदूत, यक्षिणी, भुतेखेते अशा सर्वांना ही एकच संज्ञा आहे. काझुमा कानेको या चित्रकाराने देशोदेशींच्या पुराणांतून ही मंडळी गोळा केली. मालिकेच्या निरनिराळ्या खेळांत शिव, विष्णू, काली, गणेश, गरुड, नाग हेही भेटतात. आपले देव असुरांच्या यादीत पाहून भारतीय मनाला धक्का बसणे स्वाभाविक आहे. तथापि जपानला ही दैवते नवखी नाहीत. बौद्ध धर्माबरोबर सरस्वती तेथे ‘बेन्झाइतेन’ झाली, इंद्र ‘ताइशाकुतेन’ झाला, गणेश ‘कांगितेन’ झाला. यक्षाचा ‘याशा’ आणि असुराचा ‘आशुरा’ झाला. शतकानुशतके मंदिरांत नांदलेली ही नावेच पुढे पडद्यावर आली.

कथेचा गाभा राजकीय आहे. इचिगाया येथील लष्करी तळावर गोतो नावाचा सेनानी परकीय सत्तेला तोंड देण्यासाठी प्राचीन शक्तींना हाक घालतो. याच इचिगायात 1970 मध्ये लेखक युकिओ मिशिमा यांनी सैनिकांपुढे भाषण करून आत्मघात केला होता. जपानी खेळाडूला ते आठवल्यावाचून राहत नाही. दुसऱ्या बाजूला अमेरिकेचा राजदूत थॉरमन असतो. नायकाने कोणाचीही कड घेतली तरी क्षेपणास्त्रे टोकियोवर कोसळतातच. तीस वर्षांनंतरच्या भग्न नगरात दोन पंथ उरतात. एकाला ईश्वराच्या आज्ञेखालील कडक शिस्त हवी असते, तर दुसऱ्याला बलवंतांचे मोकाट स्वातंत्र्य. नायकाचे दोन मित्र या दोन टोकांना ओढले जातात. त्यांतील एक गुंडांचा छळ सोसलेला असतो. सामर्थ्याच्या तहानेने तो स्वतःच्याच देहाचा असुराशी संयोग घडवून घेतो.

नायकाचे प्रत्येक उत्तर व कृत्य त्याला नकळत एका बाजूस सरकवत असते. पुरता झुकला की विरुद्ध पक्षाचे असुर त्याच्या हाकेला येईनासे होतात. जो सर्वांशी बोलू शकत होता, त्याची बोलणीही मग आपल्यांपुरतीच उरतात. दोन्ही पक्ष नाकारण्याची तिसरी वाट खेळात आहे. ती सुखाची मात्र नाही. शिस्तवाद्यांच्या वाटेने जाणाऱ्याला महामंदिरात असुरराजाशी लढावे लागते, दुसऱ्या वाटेने जाणाऱ्याला देवदूत मिकाएलशी. मध्यम मार्ग धरणाऱ्याला दोघांशीही.