माणिकबागचा बर्लिनकर

वास्तुविशारदाचे वय जेमतेम २६, आणि वाडा बांधून घेणारे महाराज त्याच्याहूनही चार वर्षांनी धाकटे. १९३० साली इंदूरच्या माणिकबाग राजवाड्याचे काम हाती घेतले गेले, ते या दोन तरुणांच्या भरवशावर. एकार्ट मुटेझियुस या बर्लिनच्या तरुणाच्या नावावर तोवर सांगण्यासारखी इमारत नव्हती. तीन वर्षांत त्याने माळव्यात जे उभे केले, त्याच्या तोडीचे आधुनिक घर युरोपातल्या राजघराण्यांकडेही शोधून सापडले नसते.

घरचा वारसा मात्र भक्कम होता. त्याचे वडील हेर्मान मुटेझियुस लंडनच्या जर्मन वकिलातीत होते. इंग्रजांच्या घरबांधणीचा कसून अभ्यास करून त्यांनी त्यावर तीन खंडांचा ग्रंथ लिहिला. १९०७ मध्ये कलावंत आणि कारखानदार यांना एकत्र आणणारी ‘वेर्कबुंड’ ही संस्था स्थापन झाली, तिच्या प्रमुख प्रवर्तकांत ते होते. १९०४ साली बर्लिनमध्ये जन्मलेला एकार्ट अशा घरात वाढला, जिथे खुर्चीच्या पायावरही गंभीर चर्चा होत असणार. शिक्षण बर्लिन आणि लंडन इथे झाले. १९२७ मध्ये बर्लिनच्या रस्त्यावर ट्रामच्या अपघातात वडील गेले.

इकडे इंदूरची गादी वादळातून जात होती. मुंबईतल्या मलबार हिलवरच्या बावला खून प्रकरणाचे शिंतोडे दरबारावर उडाले आणि १९२६ मध्ये तुकोजीराव होळकरांना पदत्याग करावा लागला. मुलगा यशवंतराव तेव्हा १७ वर्षांचा होता. पुढे तो ऑक्सफर्डला शिकला. तिथेच त्याची आणि मुटेझियुसची ओळख झाली. १९३० मध्ये राज्याची सूत्रे हाती आल्यावर महाराजांनी आपल्या घरासाठी जुन्या नामवंत कंपनीला न बोलावता या मित्राला बोलावले. महाराणी संयोगिताराजे कागलच्या घाटगे घराण्यातल्या. पॅरिसमध्ये मॅन रेने टिपलेली या जोडप्याची छायाचित्रे पाहिली, की दोघांना नव्याची किती ओढ होती ते कळते.

माणिकबागची मांडणी इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी आहे. छत्र्या, कमानी, नक्षीदार खांब यांना तिथे जागा नाही. खरी नवलाई आत होती. दिवे, दारे, धातूच्या चौकटी असे बरेच सामान जर्मनीत तयार करवून जहाजाने आणले. वातानुकूलनाची सोय होती, आणि ती १९३०च्या दशकात! ग्रंथालयातल्या लाल खुर्च्या मुटेझियुसच्या स्वतःच्या. त्यांच्या पाठीतच वाचनाचा दिवा बसवलेला होता, म्हणजे बसणाऱ्याने पुस्तक उघडावे आणि बाकीची चिंता खुर्चीने करावी.

सगळेच त्याने स्वतः केले नाही, आणि मला वाटते हेच त्याचे मोठेपण. महाराजांच्या अभ्यासिकेतले मेज फ्रान्सच्या रूल्मान यांचे. शयनगृहांतले धातू आणि काचेचे पलंग लुई सोन्यो आणि शार्लोत आलिक्स यांचे. गालिचे इव्हान दा सिल्वा ब्रुन्स यांचे. ल कॉर्ब्युझिये यांच्या चमूची आरामखुर्चीही तिथे होती, तीही बिबट्याच्या कातड्याने मढवलेली. आयलीन ग्रे यांची खुर्ची होतीच. एवढ्या मानी कलावंतांच्या वस्तू एका छताखाली आणायच्या आणि घराचे प्रदर्शन होऊ द्यायचे नाही, हे नव्या वास्तुविशारदाला सहज जमणारे काम नव्हे.

राजवाडा १९३३च्या सुमारास पुरा झाला, पण मुटेझियुसची सुटका झाली नाही. महाराजांच्या रेल्वेच्या डब्याची आणि विमानाच्या अंतर्भागाची रचनाही त्यानेच केली. पुढे तो इंदूर संस्थानाच्या नगररचनेच्या कामातही होता.

एक मोठे स्वप्न मात्र कागदावरच राहिले. शिल्पकार ब्रांकुशी यांचे ‘अवकाशातील पक्षी’ हे शिल्प महाराजांनी काशात घेतले आणि काळ्या व पांढऱ्या संगमरवरातही करवून घेतले. या पक्ष्यांसाठी इंदुरात ध्यानमंदिर बांधायचे ठरले होते. त्यासाठी ब्रांकुशी स्वतः इंदूरला येऊन गेले. पण १९३७ मध्ये संयोगिताराजे स्वित्झर्लंडमध्ये ऐन विशीत वारल्या, महाराजांचे लक्ष उडाले आणि मंदिर कधीच उभे राहिले नाही. ते दोन संगमरवरी पक्षी आता ऑस्ट्रेलियात, कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत.

१९३९ मध्ये महायुद्ध पेटले. जर्मन माणसाला ब्रिटिशांच्या हिंदुस्थानात थारा नव्हता. मुटेझियुस बर्लिनला परतला, युद्धानंतरही तिथेच राहिला, आणि १९८९ मध्ये वारला. माणिकबागच्या पंक्तीला बसेल असे दुसरे काम त्याच्या हातून झाले नाही. असा यजमान पुन्हा भेटला नाही, हे त्याचे मुख्य कारण असावे.

राजवाड्यातले सामान १९८० मध्ये मोंटे कार्लोच्या लिलावात विकले गेले आणि इमारतीत केंद्र सरकारच्या करखात्याची कचेरी आली. मूळ घर कसे दिसत होते ते आज कळते ते बरेचसे जुन्या छायाचित्रांवरून, आणि त्यांतली कित्येक खुद्द मुटेझियुसने काढलेली आहेत. २०१९ मध्ये पॅरिसच्या सजावटकला संग्रहालयाने या साऱ्या वस्तू शोधून मोठे प्रदर्शन भरवले. त्याच्या नावात मान मिळाला तो आश्रयदात्या महाराजांना.