कार्यसमाधान

कार्यसमाधान : आपल्या कामाविषयी व ते ज्या परिस्थितीत करावे लागते तिच्याविषयी व्यक्तीच्या मनात असलेली अनुकूल वृत्ती. कामाचे स्वरूप, वेतन, बढतीची संधी, वरिष्ठांचे वर्तन, सहकाऱ्यांशी असलेले संबंध, नोकरीची शाश्वती इ. घटकांविषयीच्या भावना या वृत्तीत एकवटलेल्या असतात. वेतनाबाबत असंतुष्ट असलेली व्यक्ती प्रत्यक्ष कामाबाबत संतुष्ट असू शकते. समाधान हे कामापासून बाळगलेली अपेक्षा आणि प्रत्यक्ष पदरी पडलेले फळ यांतील अंतरावर बरेचसे अवलंबून असते. त्यामुळे एकाच कचेरीत, एकाच वेतनश्रेणीत काम करणाऱ्या दोन व्यक्तींचे कार्यसमाधान सारखे नसते.

अमेरिकेत शिकागोजवळील हॉथॉर्न येथे वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेल्या प्रयोगांमुळे कामगारांच्या भावनांकडे उद्योगांचे लक्ष वेधले गेले. या प्रयोगांशी एल्टन मेयो (१८८०–१९४९) यांचे नाव निगडित आहे. त्यांच्या निष्कर्षांवर पुढे बरीच टीका झाली. रॉबर्ट हॉपॉक यांनी पेनसिल्व्हेनियातील न्यू होप या गावातील नोकरदारांची पाहणी करून १९३५ मध्ये या विषयावरील पहिला महत्त्वाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. १९६९ मध्ये पॅट्रिशिया स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेल्या प्रश्नावलीत काम, वेतन, बढती, पर्यवेक्षण व सहकारी या पाच अंगांचे स्वतंत्र मापन होते.

समाधान व कामगिरी : संतुष्ट कर्मचारी अधिक चांगले काम करतो, हा समज सर्वत्र रूढ आहे, संशोधनाने मात्र त्याला मर्यादित पुष्टी दिली आहे. व्हिक्टर व्ह्रूम यांनी १९६४ मध्ये वीस अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा या दोहोंतील सहसंबंध गुणांकाचे मध्यवर्ती मूल्य केवळ ०·१४ आढळले. टिमोथी जज व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये सु. ५४ हजार व्यक्तींवरील ३१२ नमुन्यांचे एकत्रित विश्लेषण करून हा गुणांक ०·३० च्या आसपास असल्याचे दाखविले. याचा अर्थ, कामगिरीतील एकूण तफावतीपैकी सुमारे ९ टक्के तफावतच समाधानाशी निगडित असते. गुंतागुंतीच्या कामांत हा संबंध अधिक दृढ असतो. कारण तेथे कामाची रीत ठरविण्यास कर्मचाऱ्याला वाव असतो. यंत्राच्या गतीने चालणाऱ्या कामात मनाचा कल उत्पादनात फारसा उमटत नाही.

कार्यकारणभावाची दिशाही उलट असू शकते. एडवर्ड लॉलर व लायमन पोर्टर यांनी १९६७ मध्ये असे प्रतिपादन केले, की चांगल्या कामगिरीला न्याय्य वाटणारे फळ मिळाले, तर त्यातून समाधान उद्‌भवते. हे फळ केवळ पैशाचे नसते. काम साधल्याचा आनंद व इतरांकडून मिळणारी दाद यांचाही त्यात समावेश होतो. फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी पिट्सबर्ग परिसरातील सु. दोनशे अभियंते व लेखापाल यांच्या मुलाखती घेऊन १९५९ मध्ये वेतनादी बाह्य घटक व कामातील प्रेरक घटक असा भेद केला. तथापि यशाचे श्रेय स्वतःकडे व अपयशाचा दोष परिस्थितीकडे देण्याच्या मानवी प्रवृत्तीमुळे तो भेद उमटला असावा, असा आक्षेप घेतला जातो.

असमाधानाचा परिणाम अनुपस्थितीत आणि विशेषतः नोकरी सोडण्यात दिसतो. मात्र जेथे दुसरी नोकरी मिळणे दुरापास्त असते, तेथे असंतुष्ट कर्मचारीही टिकून राहतो. म्हणून नोकरी न सोडणे ही समाधानाची खूण मानता येत नाही. भारतातील पदवीधरांच्या बाबतीत हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे.

पदवीधरांचा रोजगार : मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे १८५७ मध्ये विद्यापीठे स्थापन झाल्यापासून पदवी ही सरकारी नोकरीची वाट मानली गेली. मार्क ब्लॉग, रिचर्ड लेयार्ड व मॉरीन वुडहॉल यांनी १९६९ मध्ये भारतातील सुशिक्षितांच्या बेकारीचे विवेचन करताना ती प्रामुख्याने पहिल्या नोकरीच्या प्रतीक्षेची बेकारी असल्याचे दाखविले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या सहकार्याने २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार २०२२ मध्ये तरुण पदवीधरांत बेकारीचे प्रमाण २९·१ टक्के, तर निरक्षर तरुणांत ३·४ टक्के होते. शिक्षणाने माणूस निरुपयोगी होतो, असा याचा अर्थ नव्हे. निर्धन व्यक्तीला बेकार राहणे परवडत नाही. पदवीधर मात्र कुटुंबाच्या आधारावर योग्य नोकरीची वाट पाहतो. पुण्यात खोली घेऊन लोकसेवा आयोगाच्या परीक्षांची वर्षानुवर्षे तयारी करणारे ग्रामीण महाराष्ट्रातील तरुण हे या प्रतीक्षेचेच उदाहरण होय.

अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२३ च्या अहवालानुसार २०२१–२२ मध्ये पंचविशीच्या आतील पदवीधरांत बेकारी ४२ टक्क्यांच्या वर, तर पस्तिशी ओलांडलेल्यांत ५ टक्क्यांहून कमी होती. म्हणजे कालांतराने बहुतेकांना काम मिळते. ते पात्रतेला साजेसे असते की नाही, हे या आकड्यांवरून कळत नाही. उत्तर प्रदेशात २०१५ मध्ये शिपायाच्या ३६८ जागांसाठी सु. २३ लक्ष अर्ज आले आणि अर्जदारांत २५५ पीएच.डी.धारक होते.

आपली पात्रता कामापेक्षा अधिक आहे ही जाणीव समाधानाला मारक ठरते. परंतु तीमुळे कामगिरी खालावतेच, असे आढळत नाही. काम सुरळीत चालत असल्याने नियोक्त्याला उणीव जाणवत नाही आणि हानीचा भार कर्मचारी एकटाच सोसतो. अशा कर्मचाऱ्यांना निर्णयाचा अधिकार व कामाची रीत ठरविण्याची मोकळीक दिल्यास असमाधान कमी होते. रिचर्ड हॅकमन व ग्रेग ओल्डहॅम यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या कार्यरचनेच्या सिद्धांतातही कौशल्यांची विविधता, कामाचे महत्त्व, स्वायत्तता व कामाच्या परिणामांची माहिती यांवर भर आहे. शिक्षण व व्यवसाय यांची सांगड घालण्यासाठी भारतात १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी अधिनियमात १९७३ मध्ये दुरुस्ती करून अभियांत्रिकी पदवीधरांच्या प्रशिक्षणाची तरतूद करण्यात आली. नोकरी मिळालेल्यांची संख्या हे रोजगाराचे आवश्यक माप असले, तरी पुरेसे नाही. शिक्षणाने जोपासलेल्या क्षमतांचा कामात कितपत उपयोग होतो, याचाही विचार त्यात व्हावा लागतो.