कोडे घालणाऱ्याचे इमान

‘आडवा शब्द एक : कमळ, अक्षरे तीन.’ मराठी शब्दकोड्यात असे सूत्र दिसले की आपण ‘पंकज’ किंवा ‘राजीव’ लिहितो आणि पुढे जातो. इथे शब्दसंग्रहाची परीक्षा असते. इंग्रजी दैनिकांत मात्र आणखी एक कोडे असते. त्याला क्रिप्टिक क्रॉसवर्ड म्हणतात; आपण त्याला कूट शब्दकोडे म्हणू. तिथे परीक्षा असते ती नीट वाचण्याची.

‘कूट’ ही कल्पना आपल्याला नवी नाही. एका जुन्या संस्कृत कूटश्लोकात केशव पडलेला पाहून द्रोण आनंदतो आणि कौरव रडतात. ऐकणारा चक्रावतो. हे उलटे कसे? मग कोणी तरी ‘केशव’ हा शब्द फोडून दाखवतो. ‘के’ म्हणजे पाण्यात, ‘शव’ म्हणजे प्रेत. द्रोण म्हणजे डोमकावळा आणि कौरव म्हणजे कोल्हे. प्रेत पाण्यात पडले, म्हणून कावळा खूश आणि कोल्हे निराश! शब्द तेच राहिले, फक्त आपली वाचण्याची दिशा चुकली होती.

कूट कोड्याचे सूत्रही असेच बांधलेले असते. बहुतेक सूत्रांचे दोन भाग असतात. एक भाग उत्तराचा सरळ अर्थ सांगतो, दुसरा ते उत्तर कसे घडवायचे ते सांगतो. अर्थ सुरुवातीला किंवा शेवटी असतो. सांधा कुठे आहे, हे आपण ओळखायचे. मराठीत एक करून पाहू : ‘नदी उलटली की गरीब’, अक्षरे दोन. ‘नदी’ हा शब्दच उलटा वाचा, ‘दीन’ मिळतो. आणि दीन म्हणजे गरीब. दुसरे : ‘बैठकीची खोली : प्रधाना, जेव की!’, अक्षरे पाच. प्रधान म्हणजे दिवाण, ‘जेव की’ म्हणजे ‘खा ना’. झाला ‘दिवाणखाना’.

इंग्रजीत अक्षरे सुटी असल्यामुळे ती विस्कटून नवा शब्द करण्याची युक्ती फार चालते. ‘लिसन’ या शब्दातली सहा इंग्रजी अक्षरे पुन्हा जुळवली की ‘सायलेंट’ होतो. ऐकायचे तर गप्प राहावे लागते! मराठीत काना-मात्रा अक्षराला चिकटलेल्या असतात. त्यामुळे ‘नवरा’ कितीही विस्कटला तरी त्याचा ‘वानर’ होत नाही. मराठीत कूट कोडे रचणे अवघड आहे त्याचे हे एक कारण.

शब्दकोड्याचा जन्म अमेरिकेतला. २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये आर्थर विन यांचे पहिले कोडे आले. त्याला कूट वळण मिळाले ते इंग्लंडमध्ये. ‘ऑब्झर्व्हर’ या रविवारच्या पत्रात १९२६ पासून ‘टॉर्कमाडा’ या नावाने एडवर्ड पॉइस मॅथर्स कोडी रचू लागले. टॉर्कमाडा हा स्पेनमधल्या धर्मन्यायालयाचा क्रूर प्रमुख. नावातच छळाची हमी! त्यांच्यानंतर आलेले डी. एस. मॅकनट हे लॅटिन-ग्रीकचे शिक्षक. त्यांनीही ‘झिमेनीस’ हे तशाच एका धर्माधिकाऱ्याचे नाव घेतले, पण त्यांनी छळाला नियम लावले. १९६६ सालच्या आपल्या पुस्तकात त्यांनी आग्रह धरला, की सूत्रात अचूक अर्थ हवा, प्रामाणिक दिशा हवी आणि बाकी काहीही नको.

यातले ‘बाकी काहीही नको’ हे महत्त्वाचे. समजा, मी सूत्र दिले : ‘औषध घेता पळाला, आत आजार’, अक्षरे दोन. ‘घेता पळाला’ यात ‘ताप’ दडला आहे, तोच आजार. वाक्य छान जमले. पण चोखंदळ वाचक विचारील, ‘औषध’ कशाला? उत्तर घडवण्यात त्या शब्दाचे काम काय? त्याचा आक्षेप रास्त आहे. शोभेसाठी आणलेला शब्द सोडवणाऱ्याला विनाकारण भटकायला लावतो. कोडेकाराने फसवावे, पण खोटे बोलू नये.

म्हणूनच या छंदात सोडवण्याइतकेच चर्चेला मोल आहे. झिमेनीस वाचकांकडूनच सूत्रे रचून मागवीत आणि त्यांतले गुणदोष सांगणारे छापील टिपण स्पर्धकांना पाठवीत. आपल्याकडे ‘द हिंदू’मध्ये १९७१ पासून कूट कोडे येत आहे. असे कोडे सोडवणारे दोघे भेटले, की ‘उत्तर काय?’ यापेक्षा ‘ते उत्तर का?’ यावरच वाद रंगतो. कारण न कळता चौकोन भरला, तर कोडे अर्धेच सुटले म्हणायचे.

नवख्याने आरंभी एकच करावे. न सुटलेल्या सूत्रांची उत्तरे दुसऱ्या दिवशी पाहावीत आणि प्रत्येक शब्दाला त्याचे काम विचारावे. पंधरा दिवसांत डोळ्याला सांधे दिसू लागतात. सवयीसाठी आजच एक घ्या : ‘नेहमी उलटतो तो नोकर’, अक्षरे दोन. उत्तर सांगत नाही. सांगायची गरजही उरलेली नाही.