रिपोर्ट येईपर्यंतचे श्वास

“रिपोर्ट गुरुवारी मिळेल,” असं खिडकीमागचा माणूस सांगतो आणि मधले तीन दिवस घरात पाहुण्यासारखे मुक्कामाला येतात. त्या दिवसांवर कुणी औषध लिहून दिलेलं नसतं. आजार कॅन्सरचा असो, हृदयाचा असो की मूत्रपिंडाचा, त्याचा मोठा भाग वाट पाहण्यातच जातो. सलाइन संपायची वाट, डॉक्टर राउंडला यायची वाट, पुढच्या स्कॅनची वाट. शरीराची काळजी घ्यायला माणसं असतात, मन मात्र रात्री दोन वाजता पंख्याकडे बघत एकटं जागं असतं. या जाग्या मनासाठी गेल्या शंभर वर्षांत काय हाती लागलं आणि त्याच्याकडून आपण किती मागावं, हे एकदा नीट मांडून पाहायला हवं.

भीतीचं शरीरशास्त्र आता चांगलं माहीत आहे. हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी १९१५च्या आपल्या पुस्तकात दाखवलं, की धोका दिसला की शरीर लढायच्या किंवा पळायच्या तयारीला लागतं : ठोके वाढतात, स्नायू ताठरतात, पचन मंदावतं. वाघ समोर असेल तर हे उपयोगाचं. पण रिपोर्टशी लढता येत नाही आणि त्याच्यापासून पळताही येत नाही. मग ती तयारी तशीच अंगात राहते. झोप उडते, घास गिळवत नाही, दुखणं जास्त दुखतं.

ही गाठ सोडवण्याचे प्रयत्न जवळपास एकाच काळात दोन टोकांना सुरू झाले. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढलं. आसनं आणि श्वसनाच्या क्रिया त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक लावून तपासल्या. तिकडे शिकागोत एडमंड जेकबसन यांनी १९२९ साली स्नायूशिथिलीकरणाची पद्धत ग्रंथरूपाने मांडली. एकेक स्नायू मुद्दाम आवळायचा, मग सोडायचा आणि त्या दोन्हींतला फरक ओळखायला शिकायचं. पलंगावरून उठता न येणाऱ्या माणसालाही हे जमतं.

पुढे १९७५ साली हार्वर्डचे हृदयरोगतज्ज्ञ हर्बर्ट बेन्सन यांनी सांगितलं, की शरीरात भीतीच्या उलट दिशेने जाणारी, विश्रांतीची यंत्रणाही आहे आणि एखादा शब्द शांतपणे पुन्हापुन्हा म्हणत राहिल्याने ती जागी करता येते. १९७९ साली मॅसॅच्युसेट्समध्ये जॉन कबात-झिन यांनी, नेहमीच्या उपचारांनी पुरेसा आराम न पडलेल्या रुग्णांसाठी एक वर्ग सुरू केला. विपश्यना, झेन आणि हठयोग यांतून घेतलेलं त्यात बरंच होतं. आज जगभरच्या इस्पितळांत ‘माइंडफुलनेस’ म्हणून जे शिकवलं जातं, त्याचा मोठा भाग तिथून आला.

माझ्या मनात घर करून राहिला आहे तो मात्र २००१ सालचा एक छोटा प्रयोग. इटलीतल्या संशोधकांनी तेवीस निरोगी माणसांना कॅथलिक जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि एक बौद्ध मंत्र म्हणायला लावले. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येऊन स्थिरावला आणि हृदयाची लय सुधारली. यामागचं कारण साधं आहे. श्वास सोडताना व्हेगस मज्जातंतूचा लगाम आवळला जातो आणि ठोके मंदावतात, म्हणून उच्छ्वास लांबवला की शरीराला निवांतपणाचा निरोप पोचतो. चार आकडे मोजेपर्यंत श्वास आत, सहा आकडे मोजेपर्यंत बाहेर, एवढंच करायचं. ज्या आजींच्या बोटांना माळेची सवय आहे, त्यांच्यासाठी ही वाट आधीच मळलेली आहे.

यापुढचा भाग नाजूक आहे. १९८९ साली मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगेल यांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं, की स्तनाचा कॅन्सर पसरलेल्या ज्या स्त्रिया दर आठवड्याला एकत्र बसून बोलल्या आणि वेदनेसाठी स्वसंमोहन शिकल्या, त्या इतरांपेक्षा जास्त जगल्या. जगभर आशा पालवली. पण २००१ साली कॅनडातल्या मोठ्या अभ्यासात आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही आणि २००७ साली स्पीगेल यांच्या स्वतःच्या पुढच्या अभ्यासातही एकूण गटात ते दिसलं नाही. कॅनडातल्या त्या स्त्रियांचं मन मात्र हलकं झालं होतं, वेदना कमी जाणवत होत्या आणि सुरुवातीला ज्या जास्त खचलेल्या होत्या त्यांना सर्वांत जास्त आराम पडला होता.

मला हा निकाल पराभव वाटत नाही. मन शांत केल्याने गाठ विरघळते असं मानलं, की गाठ वाढली तेव्हा दोष रोग्याच्या मनावर येतो. “तू फार मनाला लावून घेतेस, म्हणून हे झालं,” हे वाक्य आपल्या घरांत प्रेमापोटी बोललं जातं आणि ऐकणारी रात्रभर रडते. स्वतः कॅन्सरमधून गेलेल्या सुझन सोंटॅग यांनी १९७८ सालीच या दोषारोपाविरुद्ध पुस्तक लिहिलं. शांत झोपेची एक रात्र स्वतःच मोलाची आहे, तिला आयुष्यवाढीचं तारण लागत नाही.

तेवढ्या मर्यादेत पुरावा भक्कम आहे. अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ साली एका सहयोगी संस्थेबरोबर काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत, उपचार चालू असतानाच्या चिंतेसाठी माइंडफुलनेस, योग, शिथिलीकरण आणि संगीत यांना जागा दिली आहे. हे सगळं उपचारांच्या जोडीने करायचं, त्यांच्याऐवजी नाही. बरा होण्याजोगा कॅन्सर असूनही फक्त पर्यायी उपचारांवर राहिलेल्या रुग्णांमध्ये मृत्यूचा धोका अडीच पट आढळला, असं २०१८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो.

पथ्यंही आहेत. हृदयरुग्णांनी भस्त्रिका, कपालभाती डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. कॅन्सर हाडांत उतरला असेल तर वाकणं, पीळ देणं टाळावं. दम लागत असेल तर श्वास कोंडू नये, ओठांचा चंबू करून सावकाश सोडावा. डोळे मिटल्यावर घाबरायला होणाऱ्यांनी ते उघडे ठेवून खिडकीतल्या झाडाकडे पाहावं. आणि जगणंच नकोसं वाटू लागलं तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. तिथे औषध घेण्यात काही कमीपणा नाही.

उरतो तो रुग्णाशेजारी स्टुलावर बसलेला माणूस. लंडनमध्ये १९६७ साली हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या आजारात रुग्णाला सोबत करणारी जागा, उभारणाऱ्या सिसिली साँडर्स म्हणत, की वेदना शरीराची, मनाची, नात्यांची आणि श्रद्धेची मिळून एक असते. मुंबईत वांद्र्याला १९८६ साली सुरू झालेल्या शांती आवेदना सदनाने असल्या सोबतीचं काम आपल्याकडे आणलं. घरच्या माणसाला यातलं सगळं जमणार नाही. पण “पॉझिटिव्ह राहा” म्हणण्याऐवजी त्याने हात हातात घ्यावा आणि म्हणावं, “चल, दहा श्वास माझ्याबरोबर घे.” गुरुवार त्याने लवकर येणार नाही. बुधवारची रात्र मात्र दोघांत वाटली जाईल.